खंदकात उतरलेला अध्यक्ष : डॉ. जोसेफ वॉरन (१७४१–१७७५)

१/
एप्रिल १७७६. बॉस्टन शहरासमोर, नदीपलीकडच्या चार्ल्सटाउनच्या टेकडीवर काही माणसे माती उकरीत होती. दहा महिन्यांपूर्वी याच उतारावर मोठी लढाई झाली होती आणि मेलेल्यांना घाईघाईने पुरले गेले होते. एका उथळ खड्ड्यातून दोन प्रेते निघाली. चेहऱ्यावरून ओळख पटण्याची आशा उरली नव्हती. तेव्हा पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने एका कवटीचा जबडा तपासला. त्यात तारेने बांधलेला कृत्रिम दात होता. ती तार रिव्हिअरने स्वतःच्या हातांनी बसवली होती.

२/
ते प्रेत डॉ. जोसेफ वॉरनचे होते. मृत्यूसमयी तो अवघा ३४ वर्षांचा होता. बॉस्टनमधील नावाजलेला डॉक्टर, मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्ष आणि मृत्यूच्या तीनच दिवस आधी मेजर जनरल म्हणून निवडला गेलेला सेनानी. तरीही लढाईत तो उभा राहिला एक साधा बंदूकधारी म्हणून. रोग्याची नाडी पाहणारा हा माणूस त्या टेकडीवर कसा पोहोचला आणि सत्तेच्या सर्वोच्च पदावर असताना त्याने शिपायाची जागा का पत्करली, याची ही कथा. #थ्रेड #इतिहास

३/
वॉरनचा जन्म ११ जून १७४१ रोजी बॉस्टनला लागून असलेल्या रॉक्सबरी या गावी झाला. वडील शेतकरी होते. घरची सफरचंदाची बाग होती. १७५५ च्या ऑक्टोबरात फळे काढताना शिडीवरून पडून त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी चौदा वर्षांच्या जोसेफने हार्वर्ड कॉलेजात प्रवेश घेतला होता. मागे आई मेरी आणि तीन धाकटे भाऊ. त्यांतला सर्वांत धाकटा जॉन जेमतेम दोन वर्षांचा. आईने घर आणि शेत सावरले. थोरल्याचे शिक्षण मात्र तुटू दिले नाही.

४/
१७५९ मध्ये पदवी घेतल्यावर वॉरनने सुमारे वर्षभर रॉक्सबरीच्या शाळेत शिकवले. त्या काळी अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत वैद्यकाचे एकही महाविद्यालय नव्हते. पहिले निघाले फिलाडेल्फियात, १७६५ साली. डॉक्टर होण्याचा मार्ग एकच : एखाद्या जाणत्या डॉक्टराच्या हाताखाली उमेदवारी. वॉरनने ती डॉ. जेम्स लॉइड यांच्याकडे केली. लॉइड लंडनमध्ये शिकून आलेले, शस्त्रक्रियेत निष्णात आणि मनाने राजनिष्ठ होते. शिष्य पुढे राजसत्तेविरुद्ध उभा राहिला, पण विद्या त्याने घेतली ती अशा गुरूकडून.

५/
वॉरनने व्यवसाय सुरू करताच १७६४ साली बॉस्टनमध्ये देवीची साथ उसळली. तेव्हा गोस्तन देवीची लस निघाली नव्हती. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या दंडात टोचायचा, म्हणजे सौम्य देवी येऊन जन्मभराचे संरक्षण मिळते, अशी पद्धत होती. बॉस्टनला ती १७२१ च्या साथीत ठाऊक झाली होती आणि तिची माहिती देणाऱ्यांत ओनेसिमस नावाचा एक आफ्रिकी गुलाम होता. या उपायात जोखीम असे : टोचलेला माणूस मरू शके आणि इतरांनाही रोग देऊ शके.

६/
म्हणूनच टोचलेल्यांना वेगळे ठेवणे आवश्यक होते. बंदरातील बेटावरच्या कॅसल विल्यम या किल्ल्यात त्यासाठी रुग्णालय उघडले गेले आणि तेथे राबणाऱ्या डॉक्टरांत २२ वर्षांचा वॉरन होता. त्या साथीत सुमारे ५,००० लोकांना देवी टोचल्या गेल्या. त्यांत शंभरामागे एकाहून कमी दगावले. ज्यांना नैसर्गिकरीत्या देवी आल्या अशा सुमारे ७०० जणांपैकी सव्वाशेच्या आसपास मेले. भीतीने ग्रासलेल्या शहराला आकड्यांनी उत्तर दिले. तरुण डॉक्टराचे नाव घरोघरी पोहोचले ते याच वर्षी.

७/
त्याच सुमारास शहरातील एका घरी दोन भाऊ देवी टोचून घेण्यासाठी बसले होते. थोरल्याचा दंड डॉ. पर्किन्स यांनी हाती घेतला, धाकट्याचा वॉरनने. थोरला म्हणजे जॉन अ‍ॅडम्स, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष. पुढे वॉरन अ‍ॅडम्स कुटुंबाचाच डॉक्टर झाला. जॉनचा मुलगा जॉन क्विन्सी याच्या बोटाचे हाड असे मोडले की बोट कापावे लागेल अशी वेळ आली. वॉरनने ते वाचवले. हा मुलगा या कथेत शेवटी पुन्हा भेटेल.

८/
डॉक्टराला सगळ्या घरांची दारे उघडी असतात. वॉरनच्या हिशेबाच्या वह्या आजही जपलेल्या आहेत. त्याच्या रुग्णांत कारागीर होते, व्यापारी होते, राजाच्या बाजूचे होते आणि विरोधातलेही. पण १७६५ च्या स्टॅम्प कायद्याने शहर तापवले होते. लंडनच्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नसताना तिने लावलेला कर आपण का भरावा, हा प्रश्न दुकानांत आणि गुत्त्यांत विचारला जात होता. सॅम्युअल अ‍ॅडम्स या कसलेल्या राजकारण्याच्या वर्तुळात वॉरन ओढला गेला तो याच काळात.

९/
१७६८ मध्ये त्याने ‘बॉस्टन गॅझेट’ या वृत्तपत्रात टोपणनावाने गव्हर्नर फ्रान्सिस बर्नार्डवर झोंबणारा लेख लिहिला. संतापलेल्या गव्हर्नरने मुद्रकांवर बदनामीचा खटला भरण्याचा घाट घातला. परंतु ज्यूरीने आरोप ठेवण्यास नकार दिला. तरुण डॉक्टराला त्या दिवशी दोन गोष्टी उमगल्या असाव्यात : लेखणीला धार असते, आणि लोक पाठीशी असतील तर सत्तेचा हात आखूड पडतो. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ब्रिटिश पलटणी बॉस्टनमध्ये उतरल्या.

१०/
२२ फेब्रुवारी १७७० रोजी जकात खात्याच्या एका खबऱ्याने घरावर दगड मारणाऱ्या जमावावर गोळ्या झाडल्या. ख्रिस्तोफर सायडर नावाचा सुमारे अकरा वर्षांचा मुलगा त्यात मारला गेला. त्याचे शवविच्छेदन वॉरनने केले. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. दोन आठवडेही झाले नाहीत तोच, ५ मार्चच्या रात्री, सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि पाच जण मेले. हेच इतिहासातील ‘बॉस्टन हत्याकांड’.

११/
शहराने या प्रकरणाचा अहवाल लिहिण्यासाठी तिघांची समिती नेमली : जेम्स बोडिन, सॅम्युअल पेम्बर्टन आणि जोसेफ वॉरन. त्यांनी ९६ साक्षी शपथेवर नोंदवून छापल्या आणि लंडनला धाडल्या. येथे वॉरनच्या राजकारणाची रीत दिसू लागते. आधी तपासणी, मग नोंद, मग निदान. घोषणा विरून जातात. सहीनिशी दिलेली साक्ष समुद्र ओलांडून गेली तरी साक्षच राहते, हे त्याने ओळखले होते.

१२/
मात्र हा अहवाल निःपक्षपाती नव्हता. साक्षीदारांची निवड शहराच्या बाजूने झाली होती. सैनिकांची बाजू न्यायालयात मांडली ती वॉरनच्याच मित्राने, जॉन अ‍ॅडम्सने. आणि आठ सैनिकांपैकी सहा निर्दोष सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला. पुरावा गोळा करणे आणि पुरावा वापरणे यांतील अंतर वॉरनला ठाऊक होते. तो वैद्य होता तसा प्रचारकही होता, आणि या दोन भूमिका त्याच्यात शेजारी शेजारी नांदत.

१३/
दुसरी एक विसंगती याहून खोल आहे. ब्रिटिश धोरण म्हणजे अमेरिकनांना गुलाम करण्याचा डाव, असे वॉरन आणि त्याचे सहकारी वारंवार लिहीत. त्याच वॉरनने १७७० च्या जूनमध्ये एक कृष्णवर्णी मुलगा विकत घेतला. त्या व्यवहाराचा कागद उपलब्ध आहे. मुलाचे नाव त्यात नाही. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या त्या पिढीच्या घरांत गुलाम राबत होते. वॉरनच्या थोरवीबरोबर हा कागदही वाचावा लागतो.

१४/
१७७२ मध्ये हत्याकांडाच्या स्मृतिदिनी ओल्ड साउथ सभागृहात मुख्य भाषण वॉरनने केले. त्याच वर्षअखेरीस बॉस्टनने पत्रव्यवहार समिती स्थापली. गावोगावी पत्रे पाठवायची, उत्तरे मागवायची आणि विखुरलेल्या नाराजीला एका सूत्रात ओवायचे, हे तिचे काम. पुढे अशा समित्या वसाहतीवसाहतींत उभ्या राहिल्या. सरकारच्या नाकासमोर घडत असलेली ही दुसरी, अनधिकृत सरकारी यंत्रणाच होती आणि वॉरन तिच्या आद्य सदस्यांपैकी एक होता.

१५/
१७७३ च्या एप्रिलमध्ये वॉरनची पत्नी एलिझाबेथ हिचा मृत्यू झाला. पदरी चार लहान मुले. पुढे मर्सी स्कॉले या स्त्रीशी त्याचा विवाह ठरला. पण तो होण्याची वेळ कधी आली नाही. दिवसा रुग्ण, रात्री समित्या, घरी आईवेगळी मुले, असा त्याचा दिनक्रम होता. पुढील दोन वर्षांत त्याने पत्करलेल्या प्रत्येक जोखमीमागे ही चार मुले उभी आहेत, हे विसरून त्याचे चरित्र वाचता येत नाही.

१६/
त्याच वर्षी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती आणि तिच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड चहा पडून होता. तो खपावा म्हणून पार्लमेंटने चहा कायदा केला. कंपनीने बंगालमध्ये काय केले आणि तेथील दुष्काळात माणसे कशी मेली, याचे दाखले अमेरिकी पत्रके देऊ लागली. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात रिकाम्या झाल्या.

१७/
ही तीच कंपनी, जी त्या वेळी मुंबईत बसून पुण्याच्या गादीचा कलह न्याहाळत होती. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेस कंपनीशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केली. त्याच मार्चमध्ये वॉरन बॉस्टनच्या व्यासपीठावर ब्रिटिश सैन्याविरुद्ध बोलत होता. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना एकाच वेळी पेटलेले हे दोन वणवे होते.

१८/
चहाच्या शिक्षेदाखल १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद झाले. नव्या कायद्यांनी नगरसभा भरवण्यावरही बंदी आणली. पण कायद्यात ‘नगर’सभांचा उल्लेख होता, जिल्हासभांचा नव्हता. वॉरनने ही फट हेरली. ९ सप्टेंबर १७७४ रोजी सफोक जिल्ह्याच्या सभेने त्याने लिहिलेले १९ ठराव संमत केले : हे कायदे पाळू नयेत, कर राजाच्या तिजोरीत भरू नये, ब्रिटिश माल घेऊ नये आणि नागरिकांनी नियमित शस्त्रसराव करावा.

१९/
पॉल रिव्हिअर हे ठराव घेऊन घोड्यावरून फिलाडेल्फियाला गेला. तेथे पहिली कॉन्टिनेंटल काँग्रेस भरली होती. १७ सप्टेंबरला तिने सफोक ठरावांना पाठिंबा दिला. एका जिल्ह्याची तक्रार आठ दिवसांत सर्व वसाहतींची भूमिका बनली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून दोन वर्षे होती. पण माघारीची वाट अरुंद झाली ती येथे, एका तेहतीस वर्षांच्या डॉक्टराच्या मसुद्याने.

२०/
६ मार्च १७७५. स्मृतिदिनाच्या भाषणासाठी पुन्हा वॉरन. या खेपेस ओल्ड साउथमध्ये ब्रिटिश अधिकारीही येऊन बसले होते. वक्त्याला धमक्या पोहोचल्या होत्या. गर्दीतून वाट नसल्याने तो व्यासपीठामागच्या खिडकीतून आत आला, असे सांगतात. दंगल पेटायला एक ठिणगी पुरली असती. वॉरन बोलला, अधिकाऱ्यांनी ऐकले, आणि त्या दिवशी रक्त सांडले नाही. बॉस्टनमधील बहुतेक नेते लवकरच शहर सोडून गेले. वॉरन मागे राहिला.

२१/
१८ एप्रिलच्या रात्री ब्रिटिश सैन्य कॉन्कॉर्डमधील दारूगोळा जप्त करण्यास निघणार, ही खबर वॉरनला मिळाली. त्याने विल्यम डॉज आणि पॉल रिव्हिअर यांना वेगवेगळ्या वाटांनी लेक्सिंग्टनकडे पिटाळले. खबर कोणी दिली? जनरल गेजच्या पत्नीने, असे पुष्कळदा सांगितले जाते. ती अमेरिकेत जन्मलेली होती, एवढे खरे. पण तिने खबर दिल्याचा पुरावा नाही. वॉरनने आपला खबऱ्या कधीच उघड केला नाही.

२२/
दुसऱ्या दिवशी लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्ड येथे युद्धाला तोंड फुटले. वॉरन रुग्णांना मदतनिसाच्या हाती सोपवून नदीपलीकडे गेला. परतणाऱ्या ब्रिटिश फौजेचा पाठलाग चालू असताना एका गोळीने त्याच्या कानाजवळच्या केसांतील पिन उडवली. दोन बोटांचे अंतर कमी पडले असते तर ही कथा तेथेच संपली असती. त्या दिवशी ब्रिटिशांचे ७३ आणि वसाहतींचे ४९ जण मारले गेले.

२३/
आता पुन्हा तीच जुनी रीत. आधी कोणी गोळी झाडली यावर जगाचे मत ठरणार होते. प्रांतिक काँग्रेसने प्रत्यक्षदर्शींच्या शपथेवरील जबान्या गोळा केल्या. २६ एप्रिलला वॉरनने ब्रिटनच्या जनतेला उद्देशून पत्र लिहिले. सेलमचा कप्तान जॉन डर्बी हे सारे घेऊन वेगवान गलबताने निघाला आणि मेअखेरीस लंडनला पोहोचला. गेजचा अधिकृत अहवाल त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी आला. तोवर अमेरिकनांची बाजू वृत्तपत्रांत छापून झाली होती.

२४/
याच दिवसांत एक चमत्कारिक प्रसंग घडला. वॉरनचा सहकारी डॉ. बेंजामिन चर्च सुरक्षा समितीच्या बैठकीत अचानक म्हणाला की तो उद्या बॉस्टनमध्ये जाणार. शहर ब्रिटिशांच्या ताब्यात होते. ते तुला फासावर देतील, असे वॉरनने बजावले. चर्च ऐकेना. तेव्हा निदान जखमींसाठी औषधे आणण्याचे निमित्त कर, असे वॉरनने सुचवले. रिव्हिअरने ही आठवण पुढे लिहून ठेवली. चर्च गेला आणि सुखरूप परतला. का, ते वॉरनला कधीच कळले नाही.

२५/
वॉरन आता प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्ष आणि सुरक्षा समितीचा प्रमुख होता. बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या हजारो शेतकरी-शिपायांना अन्न, बंदुका, शिस्त आणि पगार पुरवण्याचे काम त्याच्याकडे होते. १४ जूनला काँग्रेसने त्याला मेजर जनरल निवडले. सैन्याचा मुख्य वैद्य होण्याचा प्रस्तावही त्याच्यापुढे आला होता, पण त्याला अधिक धोक्याची जागा हवी होती, असे समकालीन सांगतात. युद्धाचा त्याला अनुभव नव्हता. इतरांना मरणाच्या तोंडी पाठवणारे निर्णय मात्र तो रोज घेत होता.

२६/
१६ जूनच्या रात्री कर्नल विल्यम प्रेस्कॉटच्या माणसांनी चार्ल्सटाउनच्या ब्रीड्स हिलवर मातीची गढी उभारली. लढाईला नाव मात्र शेजारच्या बंकर हिलचे मिळाले. १७ तारखेला वॉरन डोकेदुखीने आजारी होता. एल्ब्रिज गेरी या मित्राने त्याला जाऊ नकोस म्हणून विनवले. त्या गढीत दारू कमी आहे, हे सुरक्षा समितीच्या प्रमुखाइतके कोणाला ठाऊक असणार? तरी तो दुपारी बंदूक घेऊन टेकडी चढला.

२७/
सेनापती इस्रायल पटनम भेटला. त्याने अधिकार देऊ केला, वॉरनने नाकारला. गढीत प्रेस्कॉटने तेच केले. आपली नेमणूक अजून हाती आलेली नाही, आपण स्वयंसेवक म्हणून आलो आहोत, असे वॉरनने सांगितले. यात विनय होता आणि व्यवहारही. रात्रभर खणून दमलेल्या माणसांना त्या घटकेला नवा सेनापती नको होता. ज्याने त्यांना येथे पाठवले, तो त्यांच्या शेजारी उभा आहे, एवढे दिसणे पुरेसे होते.

२८/
जनरल विल्यम होवच्या पलटणी दोनदा टेकडी चढल्या आणि दोनदा मागे रेटल्या गेल्या. खाली चार्ल्सटाउन गाव जळत होते. तिसऱ्या चढाईच्या वेळी गढीतील दारू संपली. संगिनी फारच थोड्यांकडे होत्या. प्रेस्कॉटने माघारीचा हुकूम दिला. शेवटी बाहेर पडणाऱ्यांत वॉरन होता. गोळी त्याच्या डोक्यात लागली आणि तो जागच्या जागी कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याला एका अनोळखी शेतकऱ्याबरोबर एकाच खड्ड्यात पुरण्यात आले.

२९/
टेकडी ब्रिटिशांनी जिंकली. किंमत १,०५४ मृत आणि जखमी, म्हणजे चढाई करणाऱ्या सैन्यातील एक तृतीयांशाहून अधिक. अमेरिकनांचे सुमारे ४५० जण मृत, जखमी किंवा कैद झाले. वॉरनचा धाकटा भाऊ जॉन, तोही डॉक्टर, भावाला शोधत रणांगणाकडे धावला. पहारेकऱ्याने त्याला संगीन भोसकली. पुढे याच जॉनने १७८२ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थापनेत प्रमुख वाटा उचलला. मार्च १७७६ मध्ये ब्रिटिशांनी बॉस्टन सोडले, तेव्हा भावांनी टेकडी उकरली.

३०/
आणि डॉ. चर्च? तो कॉन्टिनेंटल सैन्याच्या रुग्णालयांचा प्रमुख झाला. १७७५ च्या शरद ऋतूत त्याचे सांकेतिक लिपीतील एक पत्र पकडले गेले. गेजची कागदपत्रे विसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आली, तेव्हा हा मनुष्य लेक्सिंग्टनच्या आधीपासून ब्रिटिशांचा हेर होता हे पक्के झाले. एकच शहर, एकच व्यवसाय, एकच समिती. एकाने रुग्णांच्या विश्वासाचे रूपांतर जनतेच्या विश्वासात केले. दुसऱ्याने तोच विश्वास विकला.

३१/
वॉरनची चार मुले पोरकी झाली. मर्सी स्कॉलेने त्यांना सांभाळले, पण पैसा नव्हता. १७७८ मध्ये त्यांच्यासाठी ५०० डॉलर पाठवले ते जनरल बेनेडिक्ट अर्नोल्डने, आणि काँग्रेसने काही करावे म्हणून पाठपुरावाही केला. १ जुलै १७८० रोजी काँग्रेसने धाकट्या मुलाच्या सज्ञान होण्यापर्यंत मेजर जनरलचा अर्धा पगार मंजूर केला. सप्टेंबरमध्ये अर्नोल्ड शत्रूला जाऊन मिळाला. देशद्रोहाचे प्रतीक बनलेल्या माणसाच्या खात्यावर ही एक नोंद राहतेच.

३२/
वॉरन आज रिव्हिअरइतका प्रसिद्ध नाही. जाहीरनाम्यावर त्याची सही नाही, कारण तोवर तो जगला नाही. हेन्री लाँगफेलोने १८६१ मध्ये रिव्हिअरच्या घोडदौडीवरील कविता प्रसिद्ध केली आणि स्वार अमर झाला. त्याला धाडणाऱ्याचे नाव कवितेत नाही. अमेरिकेतील अनेक जिल्ह्यांना मात्र ‘वॉरन’ हे नाव मिळाले, आणि जॉन ट्रंबुलच्या १७८६ च्या चित्रात तो आजही त्या गढीशेजारी कोसळतो आहे.

३३/
लढाईच्या दिवशी सात वर्षांचा जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स आईचा हात धरून दूरच्या टेकडीवरून चार्ल्सटाउनचा धूर पाहत होता. ज्याने बोट वाचवले तो डॉक्टर तेथे मेला, हे त्याला नंतर कळले. तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि म्हातारपणी काँग्रेसमध्ये गुलामगिरीविरुद्ध झुंजला. १७ जून १८४३ रोजी बंकर हिलच्या स्मारकस्तंभाचा सोहळा झाला. अ‍ॅडम्स घरीच राहिला. सोहळ्याला आलेला राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर गुलामांचा मालक होता. त्याच्या उपस्थितीत स्वातंत्र्याचे गोडवे ऐकणे अ‍ॅडम्सला सोसवले नसते.

३४/
वॉरनच्या घरच्या त्या निनावी मुलाचे पुढे काय झाले, हे कोणत्याही स्मारकावर कोरलेले नाही. स्तंभ उभा आहे तो वॉरन आणि त्याच्या साथीदारांसाठी. १७९४ साली त्याच जागी वॉरनच्या स्मृतीसाठी उभारलेल्या लाकडी खांबाचा तो वारसदार. वॉरनने सुरू केलेले काम त्याच्यानंतर अपुरे उरले, आणि त्यातला मोठा भाग पुढच्या पिढीला पुरा करावा लागला. त्या पिढीतला एक जण, आपल्या वाचलेल्या बोटांत लेखणी धरून, अखेरपर्यंत तेच करीत होता. (समाप्त)